चार नंबरचा हात

चौदा वर्षांखालच्या मुलांचा शालेय फुटबॉल सामना होता. सोलापुरातल्या विजापूर रोडच्या बाजूचं मैदान, अर्धं मुरूम, अर्धी काळी माती. गवत फक्त कोपऱ्यातल्या झेंड्यांपाशी, कारण तिथं पाय फारसे पडत नाहीत. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडणार नाही हे वाऱ्यावरूनच कळत होतं. फक्कीच्या रेघांची पांढरी भुकटी उडून ओठांवर बसत होती. आमची शाळा एका गोलनं मागं होती आणि शेवटची काही मिनिटं उरली होती. समोरच्या संघाचा सात नंबर उजव्या बगलेनं चेंडू घेऊन सुटला, आमच्या चार नंबरनं बाजूनं घसरत पाय घातला, चेंडू निसटला आणि सात नंबर खाली गेला. आवाज झाला. मी मैदानाच्या दुसऱ्या कडेला उभी होते, तिथपर्यंत तो पोचला. तरीही माझ्या शेजारचे एक वडील तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडले, "नाटक करालाय बे त्यो! टाइम काढालाय!" आणि लगेच मागून आणखी चार-पाच आवाज आले, "खेळा रे, खेळा! थांबू नका!"

मुलं थांबली नाहीत. सुटलेला चेंडू आमच्या मधल्या फळीतल्या मुलाकडं गेला, त्यानं तो पुढं लांब टाकला. रेफरी एकटेच होते, झेंडे घेऊन बाजूला कुणी नव्हतं, त्यामुळं त्यांची नजर चेंडूमागं गेली. अकरा अधिक अकरा मुलांत एकच जण जागेवर उभा होता, तो आमचा चार नंबर. त्यानं दोन्ही हात डोक्यावर उचलले होते आणि तो "सर! सर!" असं फाटलेल्या आवाजात हाक मारत होता. त्याला आमच्याच बाजूनं ऐकवलं जात होतं, "चार नंबर, पळ की बे, काय उभारलायस!" पलीकडं त्यांच्या गोलकीपरला काहीतरी कळलं असावं. पडलेला मुलगा त्याच्या गल्लीतला. तो गोल सोडून सरळ पळत सुटला, आमच्या फॉरवर्डच्या अंगावरून, त्याच्या पायातल्या चेंडूकडं न बघता. मोकळा गोल बघून कडेवरून ओरडा झाला, "मार! मार!" आणि आमच्या फॉरवर्डनं मारला. चेंडू सरपटत रेषेकडं जात असताना शिट्टी वाजली.

मग जे झालं ते मला अजून नीट मांडता येत नाही. शिट्टी आधी की गोल आधी, यावर भांडण सुरू झालं. पूर्ण चेंडू रेषेपार जाण्याआधी शिट्टी वाजली तर गोल धरत नाहीत, नियम इतका साधा आहे आणि रेफरींनी तो शांतपणे सांगितला. पण माणसं फक्कीची रेघ ओलांडून आत आली, हातवारे झाले, कुणीतरी मोबाइलवरचं चित्रीकरण मागं नेऊन दाखवू लागलं. आणि दुसऱ्या टोकाला तो मुलगा मुरुमावर पडून "अम्मा, अम्मा" म्हणत होता. त्याच्या मोज्याच्या वर, नडगीच्या मधोमध, पाय जिथं वळायला नको तिथं वळलेला होता. त्याच्याजवळ तेव्हा चौघं होते. त्यांचा गोलकीपर, त्यांचे क्रीडाशिक्षक, आमचा चार नंबर, आणि आमच्याच संघातल्या एका मुलाचे वडील, जे दवाखान्यात वॉर्डबॉय आहेत. या माणसाला मी आधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ते खाली बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "कुणी पाय ओढायचा नाही. सरळ करायचा नाही. आहे तसाच बांधायचा."

बांधायला तिथं काही नव्हतं. स्ट्रेचर नव्हतं, फळी नव्हती, प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, आयोडीन आणि एक संपत आलेला स्प्रे. एका पालकाच्या टेम्पोत सुताच्या कोनांची रिकामी खोकी होती. त्यांचे पुठ्ठे फाडून पायाच्या दोन्ही अंगांना लावले, पोकळीत टर्किश टॉवेल भरले. टॉवेल तर प्रत्येक पोराच्या पिशवीत होता, सोलापूरच्या घरात दुसरं काही नसलं तरी तो असतोच. गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या खाली बांधलं, मोडलेल्या जागेवर गाठ येऊ दिली नाही. वॉर्डबॉय मामांनी बूट ओढला नाही, नाडी पूर्ण सोडून तो अलगद उतरवला आणि मोज्याचं टोक कापून बोटं मोकळी केली. दर थोड्या वेळानं अंगठा दाबून ते मुलाला विचारत राहिले, कळतंय का, कुठलं बोट दाबलं सांग. १०८ ची गाडी येईपर्यंत हे चाललं. दोन्ही संघांतली मुलं तोपर्यंत त्याच्याभोवती येऊन उभी राहिली होती. तोंडं बाहेर, पाठी आत. घरी आल्यावर मी माझ्या मुलाला विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तो म्हणाला, कुणी नाही, एरिक्सनच्या वेळी केलं होतं ना तसं. २०२१ च्या युरो स्पर्धेत कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन हृदय थांबून मैदानात कोसळला, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी कॅमेऱ्यांकडं तोंड करून त्याच्याभोवती कडं केलं होतं. ते या पोरांनी मोबाइलवर पाहिलं होतं. इथं कडं करायचं होतं ते आमच्या मोबाइलांपासून.

गाडी गेल्यावर रेफरींनी चार नंबरला लाल कार्ड दाखवलं.

कार्ड बरोबर होतं. समोरच्याच्या सुरक्षिततेला धोका होईल असा टॅकल म्हणजे गंभीर फाऊल, आणि त्यात तुझ्या मनात काय होतं हे नियम विचारत नाही. पाय उशिरा गेला, वेगात गेला, तळवा वर होता. तो मुलगा कार्डाला काही बोलला नाही. शर्टाची कड तोंडात धरून तो बाहेर गेला आणि पाण्याच्या कॅनपाशी एकटा बसला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की आज या मैदानावर सगळ्यात नीट वागलेला माणूस तो आहे. या दोन गोष्टी एकमेकींना पुसत नाहीत. मी त्या दिवसापासून त्या एकत्र धरायचा प्रयत्न करते आहे. माझ्या मुलानं रात्री जेवताना अगदी सहज सांगितलं, "आई, त्याला आधी कळणारच ना. त्याच्याच पायाला लागलं ते." हाड मोडलं ते त्याला स्वतःच्या बुटातून कळलं होतं. मैदानावरच्या एवढ्या माणसांत सगळ्यात आधी. आणि ते कळल्यावर पळून जाणं, हात झटकणं, "मी बॉललाच लावला" म्हणणं हे सगळं त्याच्यापुढं उपलब्ध असताना त्यानं हात वर केले.

ओरडणाऱ्या वडिलांना दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही. ते दुष्ट नाहीत. पुढं असलेला संघ वेळ काढतो हे खरंच आहे. शालेय सामन्यात घड्याळ रेफरींच्या मनगटावर असतं, मैदानावर फलक नसतो, त्यामुळं शेवटच्या पाच मिनिटांत पायात पेटके येणारी मुलं वाढतात. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आहे. ही मुलं टीव्हीवर मोठमोठ्या खेळाडूंना वाऱ्यानं पडताना, चेहरा धरून लोळताना आणि पुढच्या मिनिटाला पळताना बघतात, आणि मग गल्लीत तसं पडण्याचा सराव करतात. त्यावर हसतात. त्यात जिल्हा, विभाग, राज्य अशी एकेक पायरी, पुढं दहावीला खेळाचे वाढीव गुण, आणि ज्या घरात शिकवणीचे पैसे भरताना ओढाताण होते तिथं त्या गुणांची किंमत मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणजे संशयाला कारण आहे. पण संशयाचा हिशोब शेवटी कुठं येऊन पडतो, तर खरोखर मोडलेल्या पोरावर. ज्यांनी खोटं पडून फ्री किक मिळवली त्यांच्यावर तो पडत नाही.

माझ्या दादाच्या गुडघ्याची गोष्ट घरात कुणी गोष्ट म्हणून सांगत नाही. गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते तेव्हाची ती आहे. तो आठवी-नववीत असेल. मैदानात वळताना त्याचा गुडघा आतल्या आत सरकला, कुणाचा धक्का नाही, कुणाचा पाय नाही. तो खाली बसला आणि त्याला उठता येईना. सर म्हणाले, पोरीसारखा काय बसलास, ऊठ, दोन चकरा मार, मोकळा होईल. त्यानं दोन चकरा मारल्या. संध्याकाळपर्यंत गुडघा दुप्पट झाला होता. आईनं आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप गरम करून लावला. तो उग्र कडवट वास अजून आला की मला आमच्या माडीवरचा मंद बल्ब आणि भिंतीकडं तोंड करून झोपलेला दादा आठवतो. सूज गेली. मग तो खेळायला गेला आणि गुडघा पुन्हा निसटला. पुन्हा लेप. कुणीतरी म्हणालं, मनात भीती बसलीय त्याच्या. त्यानं खेळणं सोडलं आणि भित्रा हे नाव घेऊन शाळा संपवली. चाळिशी उलटल्यावर एमआरआय काढला तेव्हा कळलं, की गुडघ्याला आतून स्थिर धरणारा एसीएल नावाचा लिगामेंट कधीचाच तुटलेला आहे आणि त्या बेभरवशाच्या गुडघ्यानं कूर्चाही झिजवली आहे. डॉक्टरांनी विचारलं, लागलं तेव्हा फट्‌ असा आवाज आला होता का? काही तासांत सूज आली होती का? नंतर पाय विश्वासघात केल्यासारखा सुटायचा का? दादा सगळ्याला हो म्हणाला. एवढी वर्षं हे प्रश्न त्याला कुणी विचारलेच नव्हते. तो आजही जिना उतरताना आडवा उतरतो, कठड्याला हात लावून, आणि उतरताना बोलत नाही.

नाटकी म्हणतील, भित्रा म्हणतील या धाकानं मूल काय करतं? ते दुखणं लपवायला शिकतं. याच हंगामात आणखी एका सामन्यात एका गोलकीपरच्या कानशिलावर गुडघा बसला. तो उठला, हसला, "काही नाही सर" म्हणाला आणि उरलेला वेळ खेळला. टाळ्या मिळाल्या त्याला. घरी जाताना रिक्षात त्याला उलटी झाली आणि आपण कुठल्या शाळेविरुद्ध खेळलो ते त्याला आठवेना. तो सुधारला, पण ती रात्र त्याच्या आईनं कशी काढली ते मला माहीत आहे. डोक्याच्या दुखापतीत बऱ्याचदा बाहेरून काही दिसत नाही, बेशुद्धी येतेच असं नाही, लक्षणं कधी काही तासांनी येतात. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं, आणि मुलांच्या बाबतीत हा धोका जास्त. म्हणून जगभर एकच सल्ला देतात, शंका आली की बाहेर बसवा, त्या दिवशी पुन्हा आत नाही. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या ख्रिस्तोफ क्रामरला सतराव्या मिनिटाला डोक्याला धक्का बसला. तो खेळत राहिला. काही वेळानं त्यानं रेफरींनाच विचारलं, की हा अंतिम सामना आहे का. रेफरींना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी त्याच्या सहकाऱ्याला सांगितलं आणि एकतिसाव्या मिनिटाला तो बाहेर गेला. जगातले सगळ्यात महागडे डॉक्टर कडेला बसलेले असताना चौदा मिनिटं गेली. आमच्या कडेला तर आम्हीच असतो, घसा ताणून ओरडणारे.

'काही नाही सर' हे वाक्य मला 'आई गं'पेक्षा जास्त घाबरवतं.

चार नंबरचा विचार करताना मला राहून राहून १९८२ चा सेव्हिलचा सामना आठवतो, अर्थात नंतर चित्रफितीत पाहिलेला. विश्वचषकाचा उपांत्य सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध फ्रान्स. बदली खेळाडू म्हणून आलेला फ्रान्सचा पात्रिक बातिस्तों एकटा पुढं सुटला, त्यानं चेंडू मारला, आणि जर्मन गोलरक्षक हाराल्ड शूमाखर हवेत उडी घेऊन कंबरेनं त्याच्यावर आदळला. बातिस्तों जागच्या जागी बेशुद्ध. दात पडले, मणक्याला इजा झाली. मिशेल प्लातिनी स्ट्रेचरच्या बाजूनं त्याचा हात धरून चालत होता. नंतर त्यानं सांगितलं की आपला मित्र मेला असंच त्याला वाटलं होतं. रेफरींनी फाऊल दिला नाही, साधी गोल किक दिली. आणि शूमाखर? तो चेंडू घेऊन गोलपाशी उभा होता, किक मारायची वाट बघत. जवळ गेला नाही. सामन्यानंतर दात पडल्याचं कळल्यावर तो म्हणाला की एवढंच असेल तर कृत्रिम दातांचे पैसे मी देतो. पुढं त्यानं बातिस्तोंची भेट घेऊन माफी मागितली, बातिस्तोंनी ती स्वीकारली. त्या सामन्यात शूमाखरनं पेनल्टी अडवून संघाला अंतिम फेरीत नेलं. पण त्याचं नाव निघालं की लोकांना अडवलेल्या पेनल्टी आठवत नाहीत. आठवतो तो चेंडूपाशी उभा राहिलेला माणूस. धडकेचा हेतू काय होता यावर अजून वाद घालता येतो. त्यानंतरच्या मिनिटावर वाद घालता येत नाही, कारण त्या मिनिटात त्याच्याकडं वेळ होता.

आपल्याकडं ५ डिसेंबर २००४ ला बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध गोल करताना गोलरक्षकाला धडकला आणि त्यातच गेला. त्याच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं, लिहिलं जायलाच हवं. मी मात्र त्या दुसऱ्या मुलाचाही विचार करते. बागानचा तो गोलरक्षक, सुब्रत पाल, तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढं तो भारताचा गोलरक्षक झाला, २०११ च्या आशिया चषकात त्याच्या हातांनी देशाला कितीतरी गोलांपासून वाचवलं. अठराव्या वर्षी असं काही अंगावर आलेल्या मुलाशी त्या रात्री कोण बोललं असेल? आमच्या मैदानावर चार नंबरशी बराच वेळ कुणीच बोललं नव्हतं. सगळे एक तर गोलच्या भांडणात होते, नाहीतर जखमी मुलापाशी. शेवटी वॉर्डबॉय मामाच परत आले, रक्त-मुरुमाचे हात कॅनखाली धुतले आणि त्याला म्हणाले, "तू ओरडलास म्हणून मी आलो." एवढंच. तो मुलगा तेव्हा रडला.

सात नंबरला भेटायला जायचं ठरलं तेव्हा चार नंबरच्या घरून आधी नकार आला. त्याचे वडील म्हणाले, "गेलो म्हंजे आपण केलं असं होतंय. उद्या खर्च मागितला तर?" ही भीतीही खोटी नाही. महिन्याच्या शेवटी ज्यांच्या हातात काही उरत नाही ते माफी मागायलाही घाबरतात. मग आईनं त्याला आमच्यासोबत पाठवलं, हातात केळी देऊन. पूर्व भागातलं घर, खाली दोन यंत्रमाग. त्यांची खटखट पायऱ्यांतून तळव्यांना लागत होती आणि बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता. कांजी लावलेल्या सुताचा ओला वास. पलंगावर सात नंबर, मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. नडगीची दोन्ही हाडं मधोमध मोडली होती. बरं एवढंच, की गुडघ्याखाली आणि घोट्यावर मुलांच्या हाडांना जी वाढीची चकती असते तिथपर्यंत भेग गेली नव्हती. ती दुखावली तर पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो. उपचार सरकारच्या जनआरोग्य योजनेत बसले होते. एक नातेवाईक हाडवैद्याकडं न्या म्हणून बसले होते, बांबूच्या काड्या आणि घट्ट पट्टी. वडिलांनी त्यांना थोपवून धरलं होतं, कारण दवाखान्यात बजावलं होतं, की बोटं काळी-निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं सोसवेना झालं तर रात्र असो की पहाट, धावत या. सुजलेल्या पायावर घट्ट पट्टी बांधली की रक्त अडतं आणि पायच गमवायची वेळ येऊ शकते. वडील हे सगळं आम्हाला सांगत होते, मागाच्या आवाजावरून, एकेक शब्द मोठ्यानं.

दोन मुलांचं बोलणं मात्र सुरू होईना. मग सात नंबरनंच विचारलं, "रेड दिला का तुला?" चार नंबरनं मान हलवली. "किती मॅच?" तो म्हणाला, कळलं नाही अजून. नंतर त्यांचं बोलणं भलतीकडंच गेलं, कुठल्या बुटाचे स्टड मुरुमावर टिकतात, नवी पेठेत कुठं स्वस्त मिळतात. वडील म्हणाले, "खेळ हाय, होतंय." पण आजी तसं म्हणाली नाही. ती खाली चटईवर सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत होती. तिनं आम्हाला चहा दिला, चार नंबरलाही दिला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. निघताना तो तिच्या पाया पडायला वाकला तर तिनं पाय मागं घेतले आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. घरातलं कुणी ते आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तिचा तो हक्क होता असं मला वाटतं. खिलाडूवृत्ती म्हणजे लगेच सगळ्यांनी एकमेकांना जवळ घेणं, असं आपण मुलांना उगाच भासवतो. सात नंबरचं हाड दोन-तीन महिन्यांत जुळेल, पण वाळलेल्या मांडीत ताकद यायला त्याहून जास्त लागतात, आणि पुढच्या वर्षी तो या वयोगटात बसत नाही. तोवर त्याच्या जागी दुसरा कुणीतरी सात नंबर घालून खेळत असेल.

शाळेत पालकांची बैठक झाली त्यात पुठ्ठ्याऐवजी नीट फळ्या आणि घडीचं स्ट्रेचर घ्यायचं, वर्गणी काढायची, यावर कुणाचा वाद नव्हता. शिनगार्ड तपासणीपुरते घालून नंतर काढायचे नाहीत हेही सगळ्यांना पटलं. सरावाआधी नुसत्या दोन चकरा मारायच्या त्याऐवजी फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा व्यायाम करून घ्यायला क्रीडाशिक्षक तयार झाले. एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, अचानक दिशा बदलणं, असं त्यात असतं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या संघांवर त्याची चाचणी झाली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. दादाच्या सरांना हे माहीत असतं तर, असं मनात आलं, पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. चार नंबरला सर आता वेगळं शिकवतात, घसरायचं नाही, उभं राहून चेंडू अडवायचा, तळवा जमिनीला. तो टॅकलला जाताना शेवटच्या क्षणी पाय मागं घेतो. सर म्हणतात, जाईल ते, वेळ लागेल.

वाद झाला तो एकाच गोष्टीवर. मी म्हणाले, आपल्या मुलांना सांगू या, समोरचा पडला आणि जवळच्या मुलानं हात वर केला, तर आपण चेंडू बाहेर घालवायचा. शिट्टीची वाट बघायची नाही. आणि कडेवरून एकही मोठा माणूस 'खेळा' म्हणणार नाही. नियमानं किरकोळ दुखापतीत खेळ चालू ठेवता येतो, गंभीर वाटली तर रेफरी थांबवतात, ते मला माहीत आहे. पण एकटा रेफरी चाळीस मीटरवर असतो आणि खरं काय ते जवळच्या मुलाला आधी कळतं, बऱ्याचदा ज्याचा पाय लागला त्यालाच. त्यावर त्या दिवशी ओरडलेले तेच वडील उभे राहिले. ते त्या दिवसाबद्दल काही बोलले नाहीत, पण आवाज खाली होता. म्हणाले, "मॅडम, समोरच्या टीमला हे कळलं की ते दर दोन मिनिटाला पडतील. आपली पोरं गोल सोडून बॉल बाहेर मारत बसतील. हरतील." मी म्हणाले, हो, कधी कधी फसवलं जाईल आपल्याला. हरूही. फसवणारा पोरगा काय शिकतो ते त्याच्या घरचे बघतील. आपला पोरगा दुसऱ्याच्या ओरडण्याला खोटं धरून पुढं पळायला शिकू नये, एवढं मला हवं आहे. त्यांनी मान हलवली नाही. आमचा फॉरवर्ड मागं दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं विचारलं, "मॅडम, पण गोल मोकळा असला तर?" कुणीतरी हसलं. मी त्याला सांगितलं, तेव्हाच तर.

क्रीडाशिक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मुलांच्या सह्या घेतल्या. पालकांपैकी दोघांनी सही केलेली नाही. सात नंबरच्या शाळेला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी विचारलं आहे. त्यांचं उत्तर येताच हा नियम त्यांच्याही मुलांना सांगायला चार नंबर जाणार आहे. त्याच्या वडिलांनी या वेळी नाही म्हटलेलं नाही.